एक लिंक तुटली की ओएसपीएफ सगळं गणित पहिल्यापासून करतं का?

सातारा_एनओसी

नमस्कार मंडळी. मी एका लोकल आयएसपीत नेटवर्क बघते, कंपनीचं नाव नको. आमचे कोअरचे सहा रूटर आहेत, सातारा, कराड, विटा, सांगली, मिरज आणि कोल्हापूर, सगळे ओएसपीएफवर (रूटर आपसात नकाशा वाटून सगळ्यात स्वस्त वाट काढतात ती पद्धत), एकाच एरियात (नेटवर्कच्या भागात) म्हणजे एरिया झीरोमध्ये, प्रत्येक लिंकची कॉस्ट (वाटेचं वजन, कमी ते चांगलं) हाताने दिलेली. सातारा-कराड १०, कराड-कोल्हापूर २०, कराड-सांगली २०, कराड-विटा १५, विटा-सांगली २५, सांगली-मिरज ५, मिरज-कोल्हापूर १० आणि सातारा-विटा ३०. इंटरनेटचा अपस्ट्रीम (बाहेरचं कनेक्शन) साताऱ्यात.

मागच्या आठवड्यात रस्त्याच्या कामात जेसीबीने कराड-सांगली फायबर तोडली. पर्यायी रस्ता होता, ट्रॅफिक वळलाही, पण सांगली-मिरजच्या ग्राहकांचं सहा-सात सेकंद सगळं बंद पडलं. एका दवाखान्याचा चालू व्हिडिओ कॉल त्यात तुटला, दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला आणि मला नीट उत्तर देता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. सहा रूटरचं शॉर्टेस्ट पाथचं गणित मी कागदावर दोन मिनिटांत करते, मग रूटरला सहा सेकंद कशाला लागतात? एक लिंक गेली तर तो झाड (स्वतःपासून सगळ्यांपर्यंतच्या स्वस्त वाटांचा आराखडा) पहिल्यापासून बांधतो की फक्त बिघडलेला भाग? आणि एसपीएफचा (याच शॉर्टेस्ट पाथ गणिताचा) काउंटर बघितला तर दिवसाला हजाराच्या वर रन दिसतात, फायबर तर महिन्यातून एखाद्या वेळी तुटते, हे काय आहे? सीनियर म्हणतात इन्क्रिमेंटल एसपीएफ (फक्त बिघडलेल्या भागाचं गणित) चालू करून टाक, पण न समजता कमांड मारायची नाहीये मला.

जुना_रूटर

ताई, कमांड मारायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. आधी ते सहा सेकंद कुठे गेले ते बघू, कारण माझ्या मते ते गणितात गेलेलेच नाहीत. आजच्या सीपीयूवर काहीशे रूटरचं पूर्ण डायक्स्ट्रासुद्धा (शॉर्टेस्ट पाथ काढायचा अल्गोरिदम) मिलिसेकंदांचं काम आहे, तुमचे तर सहा.

लिंक तुटल्यापासून पॅकेट नव्या वाटेने जाईपर्यंत काय काय होतं बघा. आधी रूटरला कळलं पाहिजे की लिंक गेली. फायबर थेट पोर्टात असेल तर लाइट गेल्याबरोबर कळतं, पण मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच असेल तर पोर्ट अपच राहतो आणि मग शेजाऱ्याचा हॅलो (मी जिवंत आहे असा सारखा येणारा संदेश) यायची वाट बघत बसावं लागतं, तो आला नाही तर शेजारी मेला असं धरायची मुदत, म्हणजे डेड इंटरव्हल, डिफॉल्ट ४० सेकंद. तुमचं सहा-सातमध्ये आटपलं म्हणजे पोर्ट डाउन झाला होता, ही बाजू ठीक आहे. मग नवा एलएसए (माझ्या लिंक अशा आहेत असं सांगणारा रूटरचा संदेश) तयार होतो, तो सगळीकडे पसरतो, मग प्रत्येक रूटर थोडा थांबतो, मग एसपीएफ चालवतो, मग रूट टेबल आणि शेवटी हार्डवेअरमधला फॉरवर्डिंग टेबल बदलतो. ते मधलं थांबणं बघा आधी. बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते डिफॉल्ट ५ सेकंद असायचं, नव्यात ५० मिलिसेकंदांच्या आसपास असतं.

आता थांबायचंच कशाला, तर एक लिंक तुटली की दोन एलएसए निघतात, दोन्ही टोकांचे एकेक. त्यातला एक आला तरी पुरतं, कारण ओएसपीएफ लिंक वापरायच्या आधी दोन्ही बाजू एकमेकांना दाखवतात का ते तपासतं, एकाने हात सोडला की लिंक संपली. पण समजा कराडचा अख्खा रूटरच बसला, वीज गेली, तर सातारा, विटा, सांगली आणि कोल्हापूर हे चौघं चार एलएसए सोडणार आणि ते मागेपुढे येणार. पहिला आल्याबरोबर गणित केलं तर कराड अजून जिवंत आहे असं धरून चुकीचं झाड बनेल, मग दुसऱ्यावर परत, तिसऱ्यावर परत. त्यापेक्षा थोडं थांबून सगळे हातात आल्यावर एकदाच करावं. आणि एखादी लिंक सारखी वरखाली करत असेल तर हे थांबणं वाढत जातं, ५०, मग २००, ४००, ८०० असं दुप्पट होत ५ सेकंदांपर्यंत, शांतता झाली की परत ५० वर. जुन्या काळी सीपीयू कमकुवत होते म्हणून सरसकट ५ सेकंद ठेवायचे.

सगळ्या सहा बॉक्सवर हे टायमर काय आहेत ते बघून इथे टाका. सगळ्या सहावर, एकावर बघून थांबू नका.

ग्राफवाला

थांबण्याचं वर आलंच आहे, मी गणिताच्या भागाबद्दल लिहितो कारण मला तो विषय मनापासून आवडतो आणि तुमचं नेटवर्क उदाहरणाला अगदी छान आहे. वही घेऊन बसा.

साताऱ्याच्या नजरेने झाड काढा. कराड १०, विटा कराडवरून २५ (थेट गेलं तर ३०, म्हणून नाही), कोल्हापूर कराडवरून ३०, सांगली कराडवरून ३०, मिरज सांगलीवरून ३५. म्हणजे आठ लिंकपैकी पाच झाडात आहेत, आणि सातारा-विटा, विटा-सांगली, मिरज-कोल्हापूर या तीन झाडाबाहेर.

आता मिरज-कोल्हापूर तुटली असं धरा. साताऱ्याला काय करायचंय? काहीच नाही. ती झाडात नव्हतीच, आणि जी वाट आपण वापरत नव्हतो ती आणखी वाईट झाल्याने आपलं काही बदलत नाही. एक तुलना केली की काम संपलं. इन्क्रिमेंटल एसपीएफचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे.

आता तुमची खरी घटना, कराड-सांगली. ही झाडात आहे, म्हणून तिच्या खाली लोंबणारी फांदी कापायची, फांदीवर दोनच जण, सांगली आणि मिरज. कराड, विटा, कोल्हापूर यांच्या अंतराला हातही लावायचा नाही, कारण वाट वाईट झाल्याने कुणाचं अंतर कमी होत नाही आणि त्यांची वाट त्या लिंकवरून जातच नव्हती. आता कापलेल्या दोघांना विचारायचं, न कापलेल्या शेजाऱ्यांपैकी तुम्हाला कोण घेतंय? सांगलीला विटा घेतो, २५ अधिक २५ म्हणजे ५०. मिरजेला कोल्हापूर घेतं, ३० अधिक १० म्हणजे ४०. या दोघांत लहान ४०, म्हणून आधी मिरज पक्की. मिरज पक्की झाल्यावर ती शेजारणीला विचारते, ४० अधिक ५ म्हणजे ४५, ते ५० पेक्षा चांगलं, म्हणून सांगली आता मिरजेच्या खाली लटकली. काल मिरज सांगलीची पोर होती, आज सांगली मिरजेची. फांदी उलटी होऊन दुसऱ्या खोडाला चिकटली, आणि एवढं सगळं दोन नोडना हात लावून झालं. कुणी न घेतलेला नोड उरला असता तर तो अनरीचेबल, त्याचे रूट काढून टाकायचे.

वाट सुधारली तर गणित दुसऱ्या बाजूने. समजा सातारा-विटा ३० वरून १२ केली. विट्याचं अंतर २५ चं १२ झालं. तिथून पुढे विचारायचं, सांगली ३७, आधीच ३० आहे, नको. कराड २७, आधीच १० आहे, नको. लाट विट्यातच विरली. हीच कॉस्ट ४ केली असती तर सांगली २९ म्हणजे एकाने सुधारली असती, मग मिरज ३४, आणि कोल्हापूरला पोचेपर्यंत ४४, ते ३० पेक्षा जास्त म्हणून तिथे थांबली असती. जिथे कुणाचं भलं होत नाही तिथे थांबायचं, त्याच्या पलीकडे बघायचंच नाही.

पण एक लक्षात घ्या. सातारा-कराड तुटली तर साताऱ्याच्या झाडात अख्खं नेटवर्कच कराडच्या खाली आहे, म्हणजे पाचही नोड नव्याने, आणि शिवाय फांदी शोधायचं काम. तिथे पूर्ण डायक्स्ट्रा केलेलंच बरं. मुळाच्या जितकं जवळ तुटेल तितका फायदा कमी. आणि प्रत्येकाचं झाड वेगळं असतं. त्याच कराड-सांगलीच्या घटनेत कोल्हापूरच्या झाडात ती लिंक नाहीच (कोल्हापूरहून मिरज १०, सांगली १५, कराड थेट २०), म्हणून कोल्हापूरला शून्य काम.

ही कल्पना नवीन अजिबात नाही. डायक्स्ट्रांनी अल्गोरिदम १९५९ मध्ये छापला, आणि अर्पानेटवर १९७९ मध्ये लिंक-स्टेट रूटिंग आणलं तेव्हा मॅकक्विलन, रिचर आणि रोझेन यांच्या त्या डिझाइनमध्ये ही इन्क्रिमेंटल पद्धत पहिल्यापासूनच होती, कारण तेव्हाच्या रूटरांकडे दर बदलाला पूर्ण गणित करायची ताकद नव्हती. नंतर ओएसपीएफच्या स्टँडर्डमध्ये (आरएफसी २३२८, १९९८) पूर्ण डायक्स्ट्राच लिहिला आहे, तुम्ही आतून कसंही करा, उत्तर तेच आलं पाहिजे.

तुमच्या सहा रूटरना इन्क्रिमेंटल चालू करून काही फरक कळणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सीनियरांना वाटतंय तो उपाय चुकीच्या जागेचा आहे.

पीपीपीओई_बघतो

काउंटरबद्दल सांगतो, आमच्याकडेही हेच झालेलं. ताई, डेटाबेसमध्ये प्रत्येक रूटरच्या टाइप वन एलएसएचा (रूटरचा स्वतःबद्दलचा एलएसए) सिक्वेन्स नंबर (नवी प्रत निघाली की एकाने वाढतो) आज एकदा आणि उद्या त्याच वेळी बघा. काहीच बदललं नाही तरी एलएसए दर ३० मिनिटांनी रिफ्रेश होतो, म्हणजे दिवसाला ४८ ने वाढायला पाहिजे. आणि या नुसत्या रिफ्रेशने एसपीएफ होत नाही, मजकूर तोच आहे हे रूटर आधी ताडून बघतो. ज्याचा नंबर ४८ च्या कितीतरी पुढे पळालाय तो तुमचा गुन्हेगार. बहुतेक एखाद्या ग्राहकाचा पोर्ट वरखाली होत असेल आणि तो पोर्ट ओएसपीएफमध्ये घेतलेला असेल. पॅसिव्ह केलेला (त्यावर हॅलो बंद) असला तरी त्याचं सबनेट (त्या पोर्टावरच्या पत्त्यांचा गट) एलएसएत जातंच.

जुना_रूटर

हे एकदम बरोबर, आणि याचं कारण आवर्जून समजून घ्या. ओएसपीएफ व्हर्जन २ मध्ये एकाच टाइप वन एलएसएत दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात, माझे शेजारी रूटर कोण आणि माझ्याकडे कोणते सबनेट. ग्राहकाचा एक पोर्ट पडला तर रस्त्यांचा नकाशा तसाच असतो, फक्त एका घराची पाटी उतरते, पण एलएसए बदलला म्हणून बरेच रूटर अख्खा एसपीएफ चालवतात. आयएस-आयएस या ओएसपीएफसारख्याच दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये सबनेट झाडाच्या पानांसारखे वेगळे धरतात, पान गळलं तर झाड परत बांधायचं नाही, तेवढा रूट काढायचा. ओएसपीएफ व्हर्जन ३ मध्येही ते सुधारलं, सबनेटसाठी वेगळा एलएसए काढला. व्हर्जन २ मध्ये ही सोय फक्त दुसऱ्या एरियाच्या आणि बाहेरून आलेल्या रूटना आहे, म्हणजे टाइप थ्री, फोर, फाइव्ह. ते बदलले तर झाड तेच ठेवून तेवढ्या रूटचाच हिशोब करता येतो, स्टँडर्डमध्येच तसं लिहिलंय.

पण म्हणून सगळ्या पीपीपीओई (लॉगिन करून जोडल्या जाणाऱ्या) ग्राहकांचे एकेक पत्ते रिडिस्ट्रिब्यूट करून (बाहेरून ओएसपीएफमध्ये घालून) टाइप फाइव्ह बनवू नका, ती चूक फार जण करतात. एसपीएफ वाचतो पण हजारो एलएसए सतत पसरत राहतात, संध्याकाळी गावाची लाइट जाऊन आली की ग्राहकांच्या घरचे सगळे राउटर एकदम परत लॉगिन होतात आणि लोंढा येतो. अख्ख्या पूलचा (ग्राहकांच्या सगळ्या पत्त्यांचा) एकच रूट जाहीर करा. ग्राहकांचे रूट बीजीपी या वेगळ्या रूटिंग प्रोटोकॉलमध्ये, आणि ओएसपीएफमध्ये फक्त लूपबॅक (रूटरचा स्वतःचा कायमचा पत्ता) आणि कोअरच्या लिंक, एवढं केलं की तो शांत होतो.

सातारा_एनओसी

सगळ्यांचे खूप आभार, मी वही घेऊन बसले आणि मिरज-सांगलीची उलटी फांदी स्वतः काढून बघितली, इतकं स्वच्छ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दोन गोष्टी सापडल्या. मिरज रूटरचा सिक्वेन्स नंबर एका दिवसात अकराशेच्या वर पळालाय, बाकीचे सगळे ४८-५० च्या आसपास. एका ग्राहकाच्या गच्चीवरचा रेडिओ वरखाली होतोय आणि तो पोर्ट ओएसपीएफमध्ये आहे. दुसरं, पाच रूटर नवीन आहेत, त्यांचे टायमर ५०, २००, ५००० मिलिसेकंद. मिरजेचा बॉक्स जुना, तिथे सरळ ५ सेकंद.

पण मग एक कळत नाही. मिरज एकटी उशिरा उठली तर फक्त मिरजेचे ग्राहक अडकायला हवेत ना? सांगलीचे का अडकले? आणि त्या दिवशी आमच्या एका मुलाने सांगलीतून साताऱ्याला ट्रेसरूट (पॅकेट कुठल्या रूटरांवरून जातं ते दाखवणारी कमांड) मारला होता, त्यात सांगली, मिरज, सांगली, मिरज असं तीसपर्यंत येत गेलं. आम्हाला वाटलं ट्रेसरूटच बिघडलाय.

ग्राफवाला

नाही, ट्रेसरूटने जे घडत होतं तेच दाखवलं. त्या मुलाचं कौतुक करा, हा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे.

तुटायच्या आधी मिरज साताऱ्याला कशी जायची? सांगलीवरून ५ अधिक २० अधिक १० म्हणजे ३५, कोल्हापूरवरून ४०. म्हणून सांगलीवरून. तुटल्यावर सांगलीने ५० मिलिसेकंदांत गणित केलं, मिरज-कोल्हापूर-कराडवरून ४५, विट्यावरून ५०, म्हणून पॅकेट मिरजेला दिलं. मिरज अजून ५ सेकंद थांबलीय, तिच्याकडे जुनंच झाड, तिने ते पॅकेट परत सांगलीला दिलं. सांगलीने परत मिरजेला. टीटीएल (पॅकेटने किती रूटर ओलांडायचे ती मर्यादा) संपेपर्यंत पॅकेट त्या एका फायबरवर येरझाऱ्या घालत मेलं. याला मायक्रोलूप म्हणतात. दोघींचंही गणित आपापल्या माहितीनुसार बरोबर होतं, फक्त एकीचं आजचं आणि एकीचं कालचं. आणि गंमत बघा, साताऱ्याकडून सांगलीला येणारा ट्रॅफिक तेव्हाही चालू असणार, कारण कोल्हापूर आणि मिरज दोघांचंही सांगलीकडचं उत्तर बदललंच नव्हतं. फक्त जाणारा अडकला.

वेगवेगळ्या कंपन्यांचे रूटर वेगवेगळे थांबतात त्यातून नेमकं हेच होतं, म्हणून २०१८ मध्ये आरएफसी ८४०५ आला, सगळ्यांनी एकाच पद्धतीने थांबावं म्हणून. त्यात पहिला विलंब ५०, नंतर २००, आणि गडबड चालूच राहिली तर ५००० मिलिसेकंद हेच आकडे सुचवलेत.

जुना_रूटर

बरोब्बर. आता मिरजेचे टायमर बाकीच्यांसारखे करा, हे आजच. गच्चीवरचा रेडिओ ओएसपीएफमधून काढा, कारण तो एलएसए सारखा येत राहिला तर सगळ्यांचं थांबणं ५ सेकंदांकडे सरकतं आणि नेमकी त्याच वेळी फायबर तुटली तर नवीन रूटरसुद्धा सुस्त वागतील.

त्यानंतर एलएफए बघा, लूप-फ्री अल्टरनेट. लिंक तुटायच्या आधीच प्रत्येक रूटर शेजाऱ्यांच्या नजरेने झाड काढून ठेवतो आणि विचारतो, हा शेजारी पॅकेट परत माझ्याकडे तर टाकणार नाही ना? सांगलीचं बघा, साताऱ्याला जायचंय. मिरजेचं साताऱ्यापर्यंत अंतर ३५, आणि मिरजेहून सांगलीवरून गेलं तर ५ अधिक ३० म्हणजे तेही ३५. पहिलं दुसऱ्यापेक्षा लहान हवं, सारखं चालत नाही, म्हणून मिरज नापास. विट्याचं साताऱ्यापर्यंत २५, सांगलीवरून ५५, पास. म्हणजे लाइट गेल्याबरोबर सांगली कुठलंही गणित न करता विट्याकडे वळवेल, आणि एसपीएफ मागून सावकाश होईल. फक्त एसपीएफ झाल्यावर ती मिरजेकडे वळणार, तेव्हा मिरज तयार हवी, नाहीतर लूप परत. त्यासाठी काही बॉक्सवर सोय असते की तुटलेल्या लिंकच्या शेजारचा रूटर मुद्दाम थोडा वेळ पर्यायी वाटेवरच राहतो, बाकीचे आवरेपर्यंत (आरएफसी ८३३३). तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का बघा.

विट्याची लिंक केवढी आहे? तेवढा ट्रॅफिक पेलेल का?

सातारा_एनओसी

विट्याची लिंक एक गिगची आहे म्हणूनच कॉस्ट २५ ठेवलीय, काही सेकंद पेलेल, संध्याकाळी नऊला कायमचं नाही.

काल रात्री तीन वाजता परवानगी घेऊन करून बघितलं. आधी काहीही न बदलता कराड-सांगली पोर्ट बंद केला, सांगलीतून साताऱ्याला सेकंदाला पाच पिंग चालू ठेवून. २९ पॅकेट हरवले. पोर्ट परत चालू केला, मिरजेचे टायमर ५०, २००, ५००० केले, रेडिओचा पोर्ट ओएसपीएफमधून काढून स्टॅटिकवर (हाताने लिहिलेल्या रूटवर) टाकला, पंधरा मिनिटं थांबले आणि परत बंद केला. दोन पॅकेट हरवले. ट्रेसरूटला सांगली, मिरज, कोल्हापूर, कराड, सातारा, एकदम सरळ. एसपीएफ काउंटर सकाळपासून बघतेय, रात्रीच्या टेस्टनंतर हललेला नाही.

एलएफए पुढच्या मेंटेनन्सला, आधी वहीत सहाही रूटरच्या नजरेने काढून बघणार आहे कुठे कुठे पास होतं ते. आणि त्या दवाखान्याला आज फोन करून नेमकं काय झालं होतं ते सांगितलं.